औंढ्याच्या डोंगरावर

औंढ्याच्या नागनाथाचं जुनं देऊळ काळ्या दगडाचं आहे. गावाभोवतीचे डोंगरही काळ्या खडकाचेच. हा खडक उन्हात तव्यासारखा तापतो.

मे महिन्यात आम्ही चौघे मित्र डोंगर चढायला गेलो. निघायलाच उशीर झाला. चढताना वरचा एक दगड निसटला. खालचा गडी थोडक्यात वाचला. आता आम्ही एकाच्या डोक्यावर दुसरा असे चढत नाही.

माथ्याजवळ धाकट्याला भोवळ आली. अंग भाजत होतं, घाम नव्हता. तो बरळू लागला. ऊन लागलं होतं! आम्ही त्याला सावलीत निजवलं. कपडे सैल केले. ओला पटका अंगावर टाकून वारा घातला. पाणी पाजलं नाही. शुद्ध नसली तर पाणी श्वासनळीत जातं. मग उचलून दवाखान्यात नेलं. गडी वाचला.

यंदाही आम्ही चौघेच गेलो. तांबडं फुटायच्या आत निघालो अन् उन्हं चढायच्या आत उतरलो.