मेलबर्नला शेंगा चटणी जाईल का?

प्रश्न : मुलगी मेलबर्नला असते. सोलापुरी चादर, शेंगा चटणी, कडक भाकरी, पेढे, अत्तर आणि पॉवर बँक एकाच पार्सलमधून पाठवता येईल का?
– एक वाचक, शुक्रवार पेठ, सोलापूर

उत्तर : सगळं नाही. चादर बिनधास्त पाठवा. अत्तर ज्वालाग्राही आणि सुट्या पॉवर बँकेत लिथियम बॅटरी, म्हणून ही दोन्ही विमानाच्या टपालात चालत नाहीत. नोटाही घालू नका.

खाण्याच्या बाबतीत ऑस्ट्रेलिया फार कडक. आपल्याकडे जनावरांत लाळ्या-खुरकूत असल्याने दुधाचे पदार्थ तिथे अडवतात, पेढे विसरा. चटणी घरची डब्यात भरलेली नको. भाजलेल्या दाण्यांची, घटकांचं इंग्रजी लेबल असलेली सीलबंद पाकिटं घ्या. तेल सुटतं, म्हणून वर दुसरी पिशवी हवीच. भाकरीही अशीच सीलबंद, लेबल असलेली हवी. तरी अंतिम निर्णय तिथल्या तपासनिसाचा.

सीमाशुल्काच्या फॉर्मवर नुसतं ‘गिफ्ट’ किंवा ‘फूड’ लिहू नका. ‘सुती चादर, 1 नग’, ‘भाजलेल्या शेंगदाण्यांची चटणी, 500 ग्रॅम’ असं इंग्रजीत, खऱ्या किमतीसह लिहा. ओळखपत्राची प्रत न्या आणि खोकं टपाल कचेरीत दाखवूनच बंद करा.