धूरमुक्त भाड्याचे घर आणि विम्याची बचत

वरणगावची आयुध निर्माणी १९६४ सालची. निर्माणीची वसाहत आहे, तशी गावात भाड्याने राहणारी कामगार-कुटुंबेही आहेत. दारूगोळ्याच्या कारखान्यात काडेपेटी घेऊन शिरता येत नाही. घरी खाटेवर पडून विडी ओढण्यास मात्र कोणी हरकत घेत नाही. खानदेशातील जुन्या धाब्याच्या घरांत लाकडी तुळया असतात आणि परसात पऱ्हाट्यांचा ढीग. एक जळते थोटूक तेथे पुरे होते.

अमेरिकेत शासकीय गृहवसाहतींमधील घरांत २०१८ पासून धूम्रपानास बंदी आहे आणि काही विमा कंपन्या धूरमुक्त इमारतींना हप्त्यात सूट देतात. आपल्याकडे घरविम्यात अशी सूट रूढ नाही. तेव्हा बचत होते ती कोठे?

प्रथम घरविमा. १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी उपलब्ध आहे. विम्याची रक्कम बांधकामाच्या खर्चावर ठरते, जमिनीच्या किमतीवर नव्हे. इमारतीचा विमा दहा लाखांचा असल्यास घरातील सामानाला त्याच्या २० टक्के, म्हणजे दोन लाखांचे संरक्षण आपोआप मिळते. परंतु हे सामान विमेदार मालकाचे! भाडेकरूची शिलाई मशीन, कपाट, मुलांची पुस्तके त्यात येत नाहीत. त्याने केवळ सामानाचा स्वतंत्र विमा घ्यावा. बहुतेक भाडेकरूंना ही सोय ठाऊकच नसते.

दुसरी बचत आयुर्विम्याची, आणि ती मोठी आहे. मुदत विम्यात धूम्रपान न करणाऱ्यास हप्ता कमी पडतो. तंबाखू खाणारास मात्र ही सवलत बहुधा मिळत नाही. या सवलतीच्या मोहाने प्रस्तावपत्रात ‘नाही’ लिहिणारे आढळतात. विमा अधिनियम, १९३८ च्या कलम ४५ नुसार पहिल्या तीन वर्षांत अशी लपवाछपवी उघड झाल्यास कंपनी दावा नाकारू शकते. वाचवलेल्या चार पैशांची किंमत मग विधवेला मोजावी लागते.

राहिला प्रश्न घरात धूर नको म्हणणाऱ्या मालकाचा. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास बंदी करणारे २००८ चे नियम राहत्या खोलीस लागू नाहीत. म्हणून ही अट करारातच हवी. तोंडी सांगितलेल्या अटीचा उपयोग नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो आणि ती जबाबदारी मालकाची आहे. करार नोंदलेला नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. खोलीत धूम्रपान करू नये, पाहुण्यांनाही करू देऊ नये, ओढायचेच तर अंगणात, पऱ्हाट्यांपासून दूर, अशी दोन-तीन वाक्ये पुरेशी आहेत. करार दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवता येतो. ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारासाठी नोंदणी विभागाच्या ऑनलाइन सेवेचीही सोय आहे.