ठोसा येताना डोळे उघडे ठेवण्याची कृती

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातून आलेल्या मुलांना दम कमी पडत नाही, ताकदही कमी पडत नाही. कबड्डीत ती बेधडक अंगावर जातात. जत्रेतल्या दंगलीत उतरलेला पोरगा रगड्याला बिचकत नाही. त्याच पोराच्या हातात बॉक्सिंगचे ग्लोव्हज चढवा आणि तोंडाच्या दिशेने हलका ठोसा टाका: डोळे घट्ट मिटतात, मान वळते, हनुवटी वर जाते. याला भित्रेपणा म्हणू नये. चेहऱ्याकडे काही वेगाने आलं की डोळे मिटायचे, ही शरीराची आपोआप होणारी प्रतिक्रिया आहे. कुस्तीत ती फारशी आड येत नाही. ठोशांच्या खेळात मात्र तीच घात करते, कारण सगळ्यात जास्त लागतो तो न दिसलेला ठोसा. ठोसा दिसला की दात आवळले जातात, मान घट्ट होते आणि डोक्याला धक्का कमी बसतो.

यावर सर्रास होणारा उपाय म्हणजे नव्या मुलाला पहिल्याच आठवड्यात तगड्या पोरासमोर उभं करणं. मार खाईल तेव्हा शिकेल, असं म्हणतात. मला हे अजिबात मान्य नाही. त्याने भीती जात नाही, मुरते. मुलगी असेल तर ती दुसऱ्या दिवशी मैदानावर येतच नाही, आणि तिचं काय राहून गेलं हे कुणाला कळतही नाही. नागपूरच्या अल्फिया पठाणने 2021 मध्ये आणि पुण्याच्या देविका घोरपडेने 2022 मध्ये युवा जागतिक स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं. सातपुड्यातल्या मुलींनाही तिथवर जायचा हक्क आहे, त्यासाठी आधी त्या सरावात टिकायला हव्यात.

पुढची कृती आश्रमशाळांच्या आणि गावच्या शाळांच्या क्रीडाशिक्षकांसाठी आहे. जूनमध्ये शाळा उघडते आणि जिल्हास्तरीय शालेय स्पर्धा पावसाळ्यात येतात. मधल्या दोनेक महिन्यांत हे सगळं बसतं. मैदान निसरडं असेल तर व्हरांड्यात करा, जागा फार लागत नाही.

आधी दवाखाना. नंदुरबारमध्ये ही पायरी गाळायचीच नाही. आपल्या आदिवासी भागात सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात प्रत्येक मुलाची तपासणी करून घ्या. सिकलसेलचा आजार असलेल्या मुलाला ठोशांच्या खेळात उतरवू नका. फक्त वाहक असलेला मुलगा खेळू शकतो, पण त्याला पाणी भरपूर हवं, उन्हात जिवापाड पळवायचं नाही आणि दम लागला म्हणाला की लगेच बसवायचं. सिकलसेलमध्ये आणि हिवतापातही पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढू शकते. वाढलेल्या पाणथरीवर बसलेला ठोसा जिवावर बेततो. म्हणून पोट तपासायला डॉक्टरांना मुद्दाम सांगा.

सामान. हाताला बांधायच्या पट्ट्या, जाड गादीचे ग्लोव्हज (मोठ्या मुलांना सरावाच्या लढतीसाठी 16 औंस), मुलांना कमरेखालचा गार्ड, हेडगार्ड आणि माउथगार्ड. पैसे कमी असतील तर हेडगार्ड आणि ग्लोव्हज दोघा-तिघांत फिरवा, माउथगार्ड मात्र ज्याचा त्यालाच हवा. गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसवायचा मिळतो तो चालतो. नंदुरबारला नाही मिळालं तर सुरत रेल्वेमार्गावरच आहे. हेडगार्डने भुवई फुटायची वाचते, पण मेंदूला बसणारा हिसका त्याने थांबत नाही. हेडगार्ड घातलं म्हणून जोर वाढवू देऊ नका.

डोळे. दोघांना समोरासमोर उभं करा. शिकणाऱ्याचे हात गालांशी, हनुवटी छातीकडे. जोडीदाराने ग्लोव्हज न घालता मूठ सरळ कपाळाकडे आणायची, वीतभर अलीकडे थांबवायची आणि थांबवता थांबवता काही बोटं उघडायची. किती बोटं, ते शिकणाऱ्याने मोठ्याने सांगायचं. पावरीत सांगो, भिलीत सांगो, अहिराणीत सांगो. डोळे मिटले तर आकडा चुकतो, त्यामुळे तुम्हाला टोकावं लागत नाही. दुसरा फायदा त्याहून मोठा आहे: बोलताना श्वास बाहेर पडतो. घाबरलेला मुलगा श्वास रोखून धरतो आणि त्यानेच अंग ताठरतं. रोज पाच मिनिटं, आठवडाभर. हात हळू आणा, वेग नंतर.

स्पर्श. आता ग्लोव्हज. शिकणाऱ्याने आधी स्वतःच्याच ग्लोव्हजने स्वतःच्या कपाळावर टकटक करायची. मग जोडीदाराने कपाळाला नुसतं टेकवायचं. नाकाला आणि जबड्याला नाही. इथे एक नियम कडक पाळा: जोर किती हे खाणारा ठरवेल, मारणारा नाही. ‘वाढव’ म्हटलं तरच वाढेल, ‘थांब’ म्हटलं की तिथेच थांबेल. माझ्या मते सगळ्या कृतीचा जीव यातच आहे. मार आपल्या ताब्यात आहे हे कळलं की मुलं आपणहून ‘वाढव’ म्हणू लागतात. जोडीदार शांत डोक्याचा निवडा. राग काढणाऱ्याला त्या दिवशी पॅडवर पाठवा.

गार्डवर झेलणं आणि उत्तर देणं. कोपरं बरगड्यांशी, मुठी गालांशी, हा गार्ड. जोडीदार गार्डवर सरळ ठोसे टाकेल. प्रत्येक ठोशाला नाकाने ‘हुं’ करून श्वास सोडायचा. दोन-तीन दिवसांनी त्यात उत्तर घाला: एक झेलला की लगेच एक जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा. झेलून नुसतं उभं राहणाऱ्याची भीती वाढत जाते; झेलल्यावर काय करायचं हे ठरलेलं असलं की मन तिकडे लागतं. ‘झेल-मार, झेल-मार’ असा ठेका धरून करवा.

पोटासाठी मेडिसिन बॉल हलका टेकवत श्वास सोडायची सवय लावा. बरगड्यांवर नको.

माहीत नसलेला ठोसा. आतापर्यंत काय येणार हे माहीत होतं. आता जॅब किंवा हूक (बाजूने वळून येणारा ठोसा), दोन्हींतलं काहीही येईल. मग एक मिनिट एकाने फक्त जॅब टाकायचा, दुसऱ्याने फक्त वाचायचं, नंतर अदलाबदल. हे जमलं की दोन मिनिटांचे हलके राउंड, आठवड्यातून एक-दोनदाच, वजन आणि अनुभव जुळवून. एखाद्या दिवशी डोळे पुन्हा मिटू लागतील, रडूही येईल. तेव्हा एक पायरी मागे या, सगळ्यांसमोर बोलू नका.

थांबायचं कधी. डोकं दुखणं, गरगरणं, उलटी, अंधुक दिसणं, तोच प्रश्न पुन्हा विचारणं: यातलं एक जरी दिसलं तरी त्या दिवसाचा सराव बंद, मुलगा एकटा झोपायला जाणार नाही, डॉक्टरांना दाखवायचं. डोक्यावरच्या ठोशांमुळे लढत थांबवावी लागली तर किमान 30 दिवस लढत आणि स्पॅरिंग बंद, शुद्ध हरपली तर किमान 90 दिवस, असा आंतरराष्ट्रीय हौशी बॉक्सिंगचा दंडक राहिला आहे. शाळेतही तोच लावा. धडगावकडच्या शाळांनी गाडीची सोय आधीच करून ठेवावी, पावसात चांदसैली घाटात दरड आली की रस्ता अडतो. रुग्णवाहिकेचा 108 नंबर भिंतीवर लिहिलेला असू द्या.

पहिली लढत. रिंगमध्ये चढण्याआधी तोंड कोरडं पडेल, पाय जड होतील. फ्लॉइड पॅटरसनला 1956 मध्ये एकविसाव्या वर्षी हेवीवेट जगज्जेता करणारे कोच कस डिअमॅटो आपल्या मुलांना सांगत की भीती सगळ्यांनाच वाटते, समोरच्यालाही. हे तुमच्या मुलाला आदल्या रात्रीच सांगा, कोपऱ्यात नको. कोपऱ्यात एकच काम द्या: पहिला जॅब गार्डवर झेल आणि लगेच एक जॅब टाक. सराव त्याचाच झालेला आहे.

लढत संपल्यावर निकालावर आधी बोलू नका. कुठले ठोसे दिसले आणि कुठले दिसलेच नाहीत ते विचारून वहीत लिहून घ्या, आणि पुढचा सराव न दिसलेल्या ठोशांपासून, हळू वेगात, सुरू करा.