रिकाम्या खोक्याचे लेखन-मेज : नमुना कसा घडवावा

आपल्या वस्त्यांतील अभ्यासिकांत आणि खेड्यापाड्यांतील अनेक शाळांत मुले आजही जमिनीवर बसूनच लिहितात. वही मांडीवर किंवा थेट फरशीवर, पाठ वाकलेली, मान खाली. बाके घ्यायची तर पैसा लागतो, शिवाय जागाही लागते. ज्या खोलीत संध्याकाळी अभ्यासिका आणि रविवारी सभा भरते तिथे बाके अडचणच होतात. दुसरीकडे किराणा दुकानांच्या आणि औषधांच्या दुकानांच्या मागे पुठ्ठ्याच्या रिकाम्या खोक्यांचा ढीग रोज साठतो. या दोन गोष्टींची सांगड घालता येईल काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

ही कल्पना नवी नाही. मुंबई परिसरात काम करणाऱ्या ‘आरंभ’ या संस्थेने २०१४ च्या सुमारास वापरलेल्या खोक्यांपासून ‘हेल्प डेस्क’ नावाची वस्तू तयार करून महाराष्ट्रातील ग्रामीण शाळांतील मुलांना दिली. पुठ्ठा ठरावीक आकारात कापलेला. एका प्रकारे दुमडला की दप्तर, दुसऱ्या प्रकारे दुमडला की उतरते लेखन-मेज. वस्तू एक, कामे दोन.

गंमत अशी की ज्याला आपण निव्वळ वेष्टन समजतो तो पन्हळी पुठ्ठा मुळात वेष्टनासाठी जन्मलाच नव्हता. १८५६ साली इंग्लंडमध्ये पन्हळी कागदाचे पहिले पेटंट घेतले गेले ते उंच टोपीच्या आतील अस्तरासाठी. बाटल्या आणि कंदिलाच्या काचा गुंडाळण्यासाठी त्याचे पेटंट अमेरिकेत अल्बर्ट जोन्स यांनी १८७१ मध्ये घेतले. म्हणजे वस्तूचे वेष्टन झाले; आपण वेष्टनाची पुन्हा वस्तू करीत आहोत, इतकेच.

आता साहित्याकडे वळू. खोक्याचा तुकडा कापून त्याची कड पाहा. दोन सपाट कागदांच्या मध्ये पत्र्यासारखा नागमोडी कागद दिसेल. सारी ताकद त्या पन्हळीत आहे. पन्हळी उभ्या ठेवल्या तर पुठ्ठा बराच भार पेलतो, म्हणूनच खोक्याच्या भिंतींत त्या उभ्या असतात. पन्हळीच्या रेषेत तो चटकन दुमडतो. रेषेला आडवा दुमडायला गेलात तर अडतो आणि चुरगळतो. मेजाचे पाय कापताना पन्हळी उभ्या ठेवाव्यात, आणि वरच्या फळीत त्या एका पायापासून दुसऱ्या पायाकडे जाव्यात. एवढी एक गोष्ट पाळली नाही तर मेज आठवड्यात मधोमध बसते. जाड पुठ्ठा न मिळाल्यास पातळ दोन पुठ्ठे एकमेकांवर पूर्ण चिकटवावेत. नुसते ठेवलेले दोन पुठ्ठे वाकताना एकमेकांवरून घसरतात. चिकटवलेले घसरत नाहीत, म्हणून ते कितीतरी ताठ राहतात.

सगळीच खोकी घेऊ नयेत. कीटकनाशके, रसायने यांची खोकी मुलांच्या हाती मुळीच देऊ नयेत. एकदा भिजून वाळलेला पुठ्ठा वरून धड दिसला तरी आतून मऊ झालेला असतो. अंगठ्याने दाबून पाहिले की लगेच कळते. पिना काढाव्यात. खोक्यांच्या घड्यांत झुरळांची अंडी असतात, तेव्हा दोन दिवस कडक ऊन द्यावे. चिकटवण्यासाठी गव्हाच्या पिठाची खळ उत्तम. जुनी माणसे खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालीत. पण मोरचूद विषारी आहे, मुलांच्या वस्तूत तो नको. खळ पातळ लावून उन्हात पूर्ण वाळवली तर पुष्कळ टिकते.

आकार ठरवताना मोजपट्टी आधी पुठ्ठ्याला नव्हे, मुलाला लावावी. मांडी घालून बसलेल्या मुलाचा गुडघा जमिनीपासून किती उंच येतो ते मोजावे आणि त्याहून दोन बोटे अधिक अशी मेजाची पुढची कड ठेवावी. फळीची खोली पस्तीस सेंटिमीटर धरल्यास मागची कड सात-आठ सेंटिमीटर उंच असावी, म्हणजे मान कमी वाकते. तिसरीच्या आणि सातवीच्या मुलाला एकच माप चालणार नाही, हे उघड आहे.

पहिला नमुना खराब पुठ्ठ्याचाच करावा. तो मोडण्यासाठीच असतो. त्यावर दप्तरातील सर्व पुस्तके ठेवावीत, कोपरे टेकवून मुलाला तासभर लिहू द्यावे, पंचवीस वेळा उघडझाप करावी. घडी कुठे फाटते, पाय कुठे सरकतो, ते पेन्सिलीने त्याच्यावरच लिहून ठेवावे. मग दुसरा करावा. पावसाळ्यात एक नमुना चार दिवस ओलसर हवेत ठेवून पाहावा. कोकणात आणि मुंबईत ही परीक्षा चुकवून चालणार नाही.

आता एका नाजूक मुद्द्याकडे यावे लागते. दुसऱ्याने टाकलेले आपल्या मुलांना का द्यावे, असे कोणी विचारील, आणि तो प्रश्न रास्त आहे. उतरलेली वस्त्रे आणि उष्टे अन्न घेण्याची सक्ती आपल्या पूर्वजांनी सोसली आहे. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी उष्टे न घेण्याचा आग्रह धरला तो याचसाठी. परंतु विनयपिटकात चीवराची जी हकीकत आहे तीही लक्षात घ्यावी. भिक्खू टाकून दिलेल्या चिंध्या स्वेच्छेने गोळा करीत, धूत, रंगवीत. मगधातील बांधबंदिस्त भातशेते पाहून तथागतांनी आनंदाला तशा रचनेचे चीवर करता येईल काय, असे विचारले. आनंदाने ते करून दाखवले, आणि तथागतांनी त्याच्या बुद्धीची प्रशंसा केली. लहानमोठे तुकडे ठरावीक मांडणीत बसले, आणि तीच मांडणी सर्वांची झाली. तिथे तुकडे कोणाच्या घरून आले हे कोणी विचारीत नव्हते. फेकलेली वस्तू जशीच्या तशी गळ्यात पडणे वेगळे आणि आपण निवडून, मापून, घडवून उभी केलेली वस्तू वेगळी. म्हणून मेजाच्या कडा सरळ कापाव्यात, त्यांवर कागदी पट्टी लावावी, छापील बाजू आत घ्यावी. ‘नाजूक वस्तू, सांभाळून ठेवा’ अशी अक्षरे मुलाच्या पाठीवर मिरवू नयेत. ज्या मेजावर आपण स्वतःच्या मुलाला बसवणार नाही, ते दुसऱ्याच्या मुलाला देऊ नये.

हाच मुद्दा संख्येलाही लागू आहे. समारंभात एक देखणा नमुना मांडता येतो आणि टाळ्याही पडतात. पण शंभर मेजे करायची तर शंभर सारखी खोकी येणार कुठून? म्हणून नमुना अशा मापाचा हवा की परिसरात नेहमी मिळणाऱ्या दोन-तीन प्रकारच्या खोक्यांतून तो निघेल. आधी महिनाभर दुकानदारांकडे कोणती खोकी किती येतात याची नोंद ठेवावी, मगच फर्मे कापावेत. खोके फुकट मिळाले तरी वस्तू फुकट होत नाही. गोळा करणे, वाळवणे, कापणे, चिकटवणे यांचा वेळ घड्याळ लावून मोजावा आणि महिला मंडळातील भगिनींना त्याची मजुरी द्यावी. मजुरी शून्य धरून काढलेली किंमत खोटी असते.

राहिले वेष्टन. मेज सपाट घडी होऊन जाते, त्यामुळे त्याला वेगळी पिशवी लागतच नाही. दहा मेजांची चवड करावी, कापणीतून उरलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या चारी कडांना लावाव्यात आणि जुन्या साडीच्या काठाने आवळून बांधावी. तोच काठ पुढे दप्तराचा बंद म्हणून उपयोगी पडतो. घडी कशी घालावी याची सूचना पाठकोऱ्या कागदावर लिहून आत ठेवावी, किंवा त्याहून बरे म्हणजे मेजाच्या आतल्या बाजूवरच रेखाटावी. कागद हरवतो. चिकटपट्टी मात्र कुठेही वापरू नये. मोडलेले मेज रद्दीत गेल्यावर कागद गिरणीत पाण्यात भिजवून त्याचा लगदा करतात. खळ त्यात विरघळते, पिठाचीच ती. चिकटपट्टी विरघळत नाही, ती गाळून फेकावी लागते.

जून महिन्यात शाळा उघडतात आणि पाऊसही तेव्हाच येतो, हे ध्यानात घेता खोकी गोळा करून उन्हात वाळवण्याचे काम फेब्रुवारी-मार्चमध्येच सुरू केलेले बरे.