दोन ट्रिगरमधला काळ मोजताना

पहिला सेन्सर ट्रिगर झाला की मोजणी सुरू, दुसरा झाला की बंद. दोन सिग्नलमधला काळ मोजण्याचे तत्त्व एवढेच. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे खालापूर तालुक्यातून जातो. तिथल्या एखाद्या मार्गिकेवर 1 मीटर अंतराने दोन आडवे प्रकाशकिरण सोडले, तर ताशी 100 किलोमीटर वेगाची गाडी ते 36 मिलिसेकंदांच्या फरकाने तोडते. मोजणीतल्या चुका या 36 मिलिसेकंदांतच शिरतात.

सर्वांत महाग पडणारी सवय म्हणजे सिग्नल आल्यावर लॅपटॉपच्या घड्याळाची वेळ नोंदवणे. संगणक इतर कामांत गुंतला की ही नोंद सहज 15 मिलिसेकंद मागेपुढे होते. 36 ऐवजी 21 मिळाले तर वेग ताशी 171 दिसतो, 51 मिळाले तर 71. दशांश चिन्हापुढे सहा आकडे दिसतात म्हणून अशा नोंदीवर विश्वास ठेवू नये.

डेटा अ‍ॅक्विझिशन कार्ड वापरले तरी सॅम्पलिंगचा वेग पाहावा लागतो. सेकंदाला 1,000 नमुने घेणाऱ्या कार्डाला 1 मिलिसेकंदापेक्षा लहान फरक कळत नाही. मग वाचने 97, 100, 103 अशा पायऱ्यांवरच पडतात आणि मधले वेग कधीच दिसत नाहीत. ताशी 100 ची मर्यादा असलेल्या रस्त्यावर ही पायरी निकालच फिरवू शकते. शिवाय स्वस्त कार्डे सगळे अ‍ॅनालॉग चॅनेल एकापाठोपाठ एक वाचतात, त्यामुळे एकाच क्षणी आलेले दोन सिग्नलही वेगळ्या वेळचे वाटतात. सिग्नल स्वच्छ डिजिटल असेल तर कार्डावरचा काउंटर वापरावा: पहिली कडा त्याला सुरू करते, दुसरी थांबवते. 100 मेगाहर्ट्झच्या काउंटरची एक मोजणी 10 नॅनोसेकंदांची असते. मात्र 32 बिटांचा असा काउंटर सुमारे 43 सेकंदांत भरून पुन्हा शून्यावर येतो. लांब कालावधीसाठी हे लक्षात घेतले नाही तर उत्तर हास्यास्पद येते.

इतक्या बारीक काउंटरलाही सेन्सरची चूक सुधारता येत नाही. एक किरण बंपरने आणि दुसरा चाकाने तोडला, आणि त्यांत 5 सेंटीमीटरचा फरक पडला, तर 1 मीटरवर 5 टक्के चूक झालीच. दोन्ही किरण एकाच उंचीवर हवेत, सेन्सर एकाच जातीचे हवेत. यांत्रिक स्विच असेल तर त्याचे संपर्क थरथरतात आणि एकाच दाबाचे अनेक ट्रिगर होतात. पहिल्या कडेनंतर थोडा काळ इनपुट बंद ठेवणे हा त्यावरचा उपाय.

सेन्सर दूर असले की प्रश्न घड्याळांचा होतो. खोपोलीचे टाटांचे जलविद्युत केंद्र 1915 पासून चालू आहे. घाटमाथ्यावरचे पाणी सुमारे 500 मीटर खाली पोलादी नळांतून येते. अशा नळात झडप झटकन बंद झाली की दाबाची लाट सेकंदाला साधारण 1 किलोमीटर वेगाने धावते. 500 मीटर अंतरावरच्या दोन सेन्सरांत ती अर्ध्या सेकंदाचा फरक दाखवील. दोन्हीकडे स्वतंत्र लॉगर असतील आणि प्रत्येकाचा क्रिस्टल दशलक्षात 50 भागांनी, विरुद्ध दिशांना चुकत असेल, तर तासाभरात 360 मिलिसेकंदांची तफावत साठते. मोजायचे 500 आणि चूक 360! येथे दोन्ही लॉगरना जीपीएसचा सेकंदाचा ठोका द्यावा लागतो. दरीत आकाश कमी दिसते, म्हणून अँटेना कड्याला चिकटवून न लावता मोकळ्या जागी न्यावा. सरासरी वेग मोजणाऱ्या कॅमेऱ्यांनाही हाच नियम लागू आहे. 10 किलोमीटर अंतराला ताशी 100 ने 360 सेकंद लागतात. एक घड्याळ 20 सेकंद चुकले तर तोच चालक ताशी 106 ने गेलेला दिसतो.

प्रत्यक्ष मोजणीआधी एकच सिग्नल फाटा काढून दोन्ही इनपुटना द्यावा. फरक शून्य यायला हवा. जो येईल तो त्या जोडणीचा स्थिर दोष समजून पुढच्या वाचनांतून वजा करावा. मग सेन्सरच्या केबल अदलाबदल कराव्यात, चिन्ह उलटले पाहिजे. कर्जत-खालापूरच्या पावसात जंक्शन बॉक्समध्ये ओल शिरते, म्हणून ही चाचणी जून ते सप्टेंबर वारंवार करावी. आणि अहवालात फक्त वेग न लिहिता दोन्ही ट्रिगरच्या मूळ वेळा जपून ठेवाव्यात. वाद झाला तर त्याच कामी येतात.