आघाताचा हिशेब आणि संगणकातील मानवदेह

अपघात विभागाच्या दारात उभ्या असलेल्या आप्तांचा एक प्रश्न आम्हांस वारंवार ऐकावा लागतो : "बाहेरून साधे खरचटलेलेही नाही, मग आत रक्तस्राव कसा झाला?" प्रस्तुत लेखक वैद्य नाही, वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे, म्हणून हा प्रश्न त्यालाही पडला. उत्तर शोधताना जे हाती आले, ते देणगीदार, विश्वस्त व रुग्णांचे नातेवाईक यांच्यापुढे ठेवीत आहे.

वाहनाच्या एका अपघातात वस्तुतः तीन टकरी होतात. प्रथम वाहन अडथळ्यावर आदळते. मग आतील माणूस पट्ट्यावर, स्टिअरिंगवर किंवा काचेवर आदळतो. शेवटी, शरीर थांबले तरी आतील अवयव पुढे जातच राहतात : मेंदू कवटीत हेलकावतो व पिळवटतो, यकृत अथवा प्लीहा फाटते. हे सारे पापणी लवण्याच्या अवधीत घडते. तिसरी टक्कर डोळ्यांस दिसत नाही, आणि बहुधा तीच जिवावर बेतते.

ही टक्कर मोजण्याचे प्रयत्न जुने आहेत. १० डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकी हवाई दलाचे डॉ. जॉन स्टॅप यांनी रॉकेटच्या घसरगाडीवर स्वतःस बांधून घेऊन ताशी सुमारे १,००० किलोमीटर वेग गाठला व दीड सेकंदाच्या आत ते थांबले. डिट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठात प्रा. लॉरेन्स पॅट्रिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी मृतदेहांवर प्रयोग करून हाडे किती आघात सोसतात याची मोजमापे मिळविली. त्यांच्या आधारे १९७६ मध्ये 'हायब्रिड थ्री' हा चाचणी-पुतळा सिद्ध झाला. परंतु पुतळ्यास यकृत नसते, मेंदूही नसतो.

ती उणीव संगणकाने भरून काढली. शरीराच्या स्कॅनवरून हाड, स्नायू, अवयव यांची आकृती लक्षावधी सूक्ष्म तुकड्यांत विभागतात. प्रत्येक तुकड्यास त्या ऊतीचा कठीणपणा व लवचिकता बहाल करतात आणि आघातानंतर क्षणाक्षणाला तो किती ताणला गेला याचे गणित मांडतात. जपानच्या टोयोटा कंपनीने असे 'थम्स' नामक प्रतिमान २००० साली आणले. २०१० च्या आवृत्तीत अंतर्गत अवयव सविस्तर आले आणि २०२१ पासून ते विनामूल्य उपलब्ध झाले.

मात्र आमच्या व्यवसायातील नियम येथेही लागू आहे. वहीतील शिल्लक प्रत्यक्ष रोकडीशी जुळल्याखेरीज हिशेब खरा मानता येत नाही. संगणकातील बरगडी ज्या बलाने मोडते, त्याच बलाने खरी बरगडी मोडते काय, ही पडताळणी दान केलेल्या देहांवाचून होऊ शकत नाही. वेन स्टेटचे प्रा. अल्बर्ट किंग व सहकाऱ्यांनी १९९५ साली असा अंदाज मांडला, की अशा देहांवरील संशोधनातून झालेल्या सुधारणांमुळे अमेरिकेत दरवर्षी सुमारे ८,५०० प्राण वाचतात.

या हिशेबात एक बाकी दीर्घकाळ राहिली. प्रारंभीची बहुतेक प्रमाणे सरासरी पुरुषाची होती. मागून बसलेल्या धक्क्याने होणारी मानेची दुखापत स्त्रियांत अधिक आढळते, हे माहीत असूनही सरासरी स्त्रीचे प्रतिमान उशिरा आले. स्वीडनच्या चाल्मर्स विद्यापीठाने त्यासाठी पुढाकार घेतला. वृद्धांच्या ठिसूळ बरगड्यांचाही आता स्वतंत्र विचार होतो.

आपल्या देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरील होत्या. हेल्मेटच्या आतील थर चेपला जाताना डोके थांबण्याचा काळ सेकंदाच्या काही सहस्रांशांनी वाढतो, आणि तेवढ्याने मेंदूवरील ताण पुष्कळ कमी होतो. तिसऱ्या टकरीवर सामान्य माणसाच्या हाती असलेला स्वस्त उपाय हाच. तो डोक्यावर हवा, हातात अडकवून उपयोग नाही.

अपघाती मृत्यूनंतर शवविच्छेदन आवश्यक ठरत असल्याने तो देह सहसा देहदानासाठी स्वीकारला जात नाही. म्हणजे रस्त्यावर जाणाऱ्यांसाठी लागणारे ज्ञान, घरी शांतपणे निवर्तलेल्यांच्या दानातून उभे राहते. आपल्याकडे देहदानाचा उपयोग मुख्यत्वे वैद्यकीय शिक्षणास होतो. त्याचेही मोल तितकेच आहे. या अहवालात देणग्यांची यादी रुपयांत छापलेली आहे. ज्यांचे दान रुपयांत मांडता येत नाही, त्या कुटुंबांना येथे कृतज्ञतापूर्वक वंदन करतो.