आजचा श्लोक : गीता २.१४ (आणि फ्रीझरमधल्या चार पोळ्या)



आजचा श्लोक थंडीचा आहे, अगदी शब्दशः. दुसऱ्या अध्यायाच्या चौदाव्या श्लोकात भगवंत अर्जुनाला सांगतात की थंडी-ऊन, सुख-दुःख हे इंद्रियांच्या स्पर्शातून येतं, येतं तसं जातं, ते सोस. या सोसण्याला तितिक्षा म्हणतात. श्लोक लहानपणापासून पाठ, पण पुण्यात थंडी ती काय कळणार? स्वेटर घातला की झालं.

कळली ती ऑस्टिनला, फेब्रुवारी २०२३ मध्ये. भुरभुरणारा पांढरा स्नो डोळ्यांपुढे आणू नका. वरून पाऊसच पडतो, पण जमिनीलगतची हवा शून्याखाली असते, म्हणून तो पडेल तिथे गोठतो. फांदी, तार, पायरी, सगळ्यावर काचेसारखा थर. इथले लाइव्ह ओक हिवाळ्यातही पानं धरून असतात, त्यामुळे पानापानावर वजन. रात्रभर फांद्या मोडत होत्या, बंदुकीच्या बारासारख्या. त्या तारांवर पडल्या आणि शहरात दीड लाखाहून जास्त ठिकाणची वीज गेली. आमची बुधवारी सकाळी.

थंडीचं फारसं काही नाही हो. दुलया होत्या, गॅस काडीने पेटत होता. (फक्त चहापुरता! ऊब हवी म्हणून घरात शेगडी, कोळसा, जनरेटर काही लावू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. २०२१ च्या वादळात टेक्सासमध्ये त्याने माणसं गेलीत.)

जीव अडकला होता फ्रीझरमध्ये. आई उन्हाळ्यात आली होती, जाताना वीस पुरणपोळ्या करून ठेवल्या होत्या. नोव्हेंबरमध्ये ती गेली. चार उरल्या होत्या, त्यांना मी हात लावत नव्हते.

गच्च भरलेला फ्रीझर दार न उघडता साधारण ४८ तास धरतो. गुरुवारी रात्री, म्हणजे मुदतीच्या आत, समोरच्या घरात दिवे लागले. तिथे एक आजोबा राहतात. चार वर्षांत हात हलवण्यापलीकडे ओळख नाही. नवरा म्हणाला, "जा ना, एक पिशवी ठेवा म्हणावं." मी म्हटलं, "एवढ्यासाठी कुठे? सोसू थोडं. गीता काय नुसती म्हणायलाच आहे?" आणि खिडकीतून त्यांच्या दिव्याकडे बघत राहिले. खरं सांगते, मनात तितिक्षा वगैरे काही नव्हतं. आधी हेवा होता, मग 'मी कशाला मागू' हा ताठा.

शुक्रवारी दुपारी दार उघडलं. पोळ्या लिबलिबीत झालेल्या, पिशवीत पाणी. शिजवलेल्या डाळीशी खेळ नको, टाकल्या. गाठ नवऱ्याने मारली.

त्या रात्री मेणबत्तीशी बसून दुसरा अध्याय पहिल्यापासून वाचला. चौदाव्याच्या आधी सातवा येतो, हे मला माहीत नव्हतं का? होतं की! पण तिथे अर्जुन, एवढा धनुर्धर, दोन सैन्यांच्या मध्ये चक्क म्हणतो की मला काही सुचत नाहीये, मी तुझा शिष्य, मला सांग. 'सोस' हे ज्याला सांगितलं, त्याने सात श्लोक आधीच हात पुढे केला होता. मी मधलं सगळं गाळून थेट चौदाव्यावर जाऊन बसले होते. (हे माझं वाचन, टीकाकारांच्या माथी मारू नका.) आणि सोसायचं ते खरं आत्ता कुठे आलं होतं. रिकामा कप्पा होता, आणि तो काही भरून येणारा नव्हता.

शनिवारी सकाळी बघितलं तर ओकची एक जाडजूड फांदी दारातच आडवी. रस्ता ओलांडला, बेल वाजवली, करवत मिळेल का विचारलं. आजोबा करवत घेऊन स्वतःच आले. अर्धी फांदी कापून झाल्यावर दम खात म्हणाले, "दोन दिवस तुमच्याकडे अंधार दिसत होता. येऊन विचारावं की नको, तेच ठरत नव्हतं."